सर्व्हर तळघरात की क्लाउडवर? चेन्नईच्या पुराने शिकविलेला हिशेब

चेन्नई : १ डिसेंबर २०१५ च्या सकाळपासून पुढील चोवीस तासांत चेन्नईलगतच्या तांबरम येथे सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस झाला. चेंबरम्बाक्कम जलाशयातून सुमारे २९ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले आणि अड्यार नदीने दोन्ही काठ ओलांडले. विमानतळ बंद पडला. 'द हिंदू' हे दैनिक २ डिसेंबर रोजी चेन्नईत छापले गेले नाही. १८७८ मध्ये सुरू झालेल्या या वृत्तपत्राच्या इतिहासात असे प्रथमच घडले, कारण कर्मचारी शहराबाहेरील छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत.

या पुराच्या बातम्यांमध्ये एका नुकसानीचा उल्लेख फारसा झाला नाही. लहान-मध्यम उद्योगांच्या कार्यालयांत फाइल सर्व्हर हा बहुधा तळमजल्यावर, जिन्याखाली किंवा तळघरात ठेवलेला असतो. यूपीएसच्या बॅटऱ्या जड असतात, यंत्राचा आवाज होतो आणि वरच्या मजल्यावरील जागा माणसांसाठी हवी असते. त्या एका यंत्रात सुट्या भागांचे आराखडे, हिशेबाच्या वह्या, ग्राहकांचे करार आणि कामगारांच्या पगाराच्या नोंदी असतात. बॅकअपची हार्ड डिस्क असलीच, तर ती त्याच कपाटात. पाणी शिरले की मूळ प्रत आणि राखीव प्रत दोन्ही एकाच वेळी जातात. ज्यांचे सर्व्हर वरच्या मजल्यावर कोरडे राहिले, त्यांच्यापुढेही वीज नसल्याने ते चालू कसे करावयाचे हा प्रश्न होताच.

मराठी वाचकांना हा अनुभव परका नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यामुळे 'कार्यालयातील सामायिक फाइल्स क्लाउडवर ठेवाव्यात काय' हा प्रश्न चेन्नईच्या उद्योजकाइतकाच चिपळूणच्या व्यापाऱ्याचाही आहे. मात्र त्याचे उत्तर विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात दिसते तितके सरळ नाही.

नेमके काय विकत घेतले जाते?

'क्लाउड' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि ग्राहकांची गफलत बहुधा येथेच होते.

पहिली म्हणजे गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारखी सेवा. यात फाइलची एक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर उतरते व बदल झाल्यावर परत वर जाते. पत्रे, तक्ते, छायाचित्रे यांसाठी ती सोयीची आहे. परंतु दोघांनी एकच आराखडा एकाच वेळी उघडून बदलला, तर दोन भिन्न प्रती तयार होण्याचा धोका राहतो.

दुसरी म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज. अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये सुरू केलेली एस-थ्री ही त्यातील सर्वपरिचित सेवा. ही प्रचंड गोदामासारखी असते. वस्तू ठेवावी, पावती घ्यावी, हवी तेव्हा पूर्ण परत मागावी. जुन्या नोंदी व बॅकअप यांसाठी ती स्वस्त व उत्तम आहे. पण कार्यालयातील कार्यक्रम तिच्यावर नेहमीच्या फोल्डरप्रमाणे काम करू शकत नाहीत.

तिसरी म्हणजे खऱ्या अर्थाने सामायिक फाइल साठा. यात सर्व्हरला ते नेहमीच्या नेटवर्क ड्राइव्हसारखेच दिसते. फाइल कोणी उघडली आहे याची नोंद राहते, दुसऱ्याला ती 'फक्त वाचण्यासाठी' मिळते. विंडोज सर्व्हर यासाठी एसएमबी ही भाषा वापरतात, तर लिनक्स व युनिक्स सर्व्हर सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली एनएफएस. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर फाइल्समध्ये दोन्हींची सोय आहे. अ‍ॅमेझॉनची ईएफएस ही सेवा मात्र एनएफएसवर आधारित असून विंडोज सर्व्हरसाठी त्या कंपनीची एफएसएक्स ही वेगळी सेवा घ्यावी लागते. प्रति गीगाबाइट भाडे पाहता हा तिसरा प्रकार ऑब्जेक्ट स्टोरेजपेक्षा बराच महाग पडतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीची बिले त्यात ठेवणे म्हणजे दुकानाच्या दर्शनी जागेत रद्दी रचण्यासारखे आहे.

अंतराचा प्रश्न

सामायिक साठ्याची परीक्षा घेताना बहुतेक जण इंटरनेटचा वेग किती एमबीपीएस आहे एवढेच विचारतात. वास्तविक अधिक महत्त्वाचा असतो तो प्रत्येक निरोपाला लागणारा वेळ.

प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चेन्नई ते मुंबई हे हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे; म्हणजे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत अनेक यंत्रे लागतात. हिशेबासाठी २५ मिलिसेकंद धरू. आता एखाद्या फोल्डरमध्ये पाच हजार लहान फाइल्स आहेत आणि प्रत्येकीसाठी चार निरोपांची देवाणघेवाण होते असे समजा. एकामागून एक केल्यास त्या कामाला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. कार्यालयातच असलेल्या सर्व्हरकडून अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर येत असेल, तर तेच काम दहा सेकंदांत होते. इंटरनेटची जोडणी दुप्पट वेगाची घेतली तरी ही आठ मिनिटे फारशी कमी होत नाहीत.

म्हणूनच ज्या कार्यक्रमांना सतत लहान-लहान नोंदी वाचाव्या-लिहाव्या लागतात, त्यांची माहिती दूरच्या फाइल साठ्यावर ठेवणे धोक्याचे ठरते. टॅलीची माहिती अनेक कार्यालयांत सामायिक फोल्डरमध्येच असते. जोडणी मध्येच तुटली तर अशा नोंदी बिघडण्याची शक्यता असते. अनेक आराखड्यांचे संदर्भ जोडलेले मोठे ऑटोकॅड रेखाचित्रही दूरवरून उघडताना वापरणाऱ्याचा अंत पाहते. अशा कामांत एकतर सर्व्हरच क्लाउडवर हलवून माहिती व कार्यक्रम शेजारी-शेजारी ठेवावेत, नाहीतर माहिती कार्यालयातच राहू द्यावी. अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे ही सर्वांत वाईट रचना होय.

आणखी एक अडचण अगदी व्यावहारिक आहे. एसएमबी भाषा ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रामने या भाषेच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचाच फायदा घेतला होता. अनेक इंटरनेट कंपन्या हे पोर्ट बंद ठेवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यामुळे खरेदी झाल्यावर ड्राइव्ह जोडलाच जात नाही, अशी तक्रार घेऊन ग्राहक येतात. यासाठी व्हीपीएन किंवा स्वतंत्र खासगी जोडणी लागते. तिचा खर्च पहिल्या दरपत्रकात क्वचितच असतो.

क्लाउड कोठे उभा आहे?

क्लाउड नावाला ढग असला तरी तो जमिनीवरील इमारतीतच असतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात तीन विभाग सुरू केले : पुण्यात 'मध्य भारत', चेन्नईत 'दक्षिण भारत' आणि मुंबईत 'पश्चिम भारत'. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये व हैदराबाद विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. गूगलचे विभाग मुंबई व दिल्ली येथे आहेत.

चेन्नईच्या उद्योजकाला जवळचा विभाग निवडल्यास वेग उत्तम मिळतो. पण ज्या शहरात त्याचे कार्यालय बुडू शकते, त्याच शहरात त्याच्या फाइल्सही राहतात. मोठ्या डेटा सेंटरची उंची, जनरेटर आणि इंधनसाठा जिन्याखालच्या सर्व्हरपेक्षा कितीतरी भक्कम असतो हे खरे; तरीही दुसऱ्या शहरात प्रत असणे आवश्यकच. अ‍ॅझ्युअरमध्ये चेन्नईची जोडी पुण्याशी आहे. भौगोलिक प्रतीचा पर्याय निवडला तर चेन्नईतील माहितीची नक्कल पुण्यात जाते. मात्र हा पर्याय ग्राहकाने स्वतः निवडावा लागतो व त्याचे जादा पैसे पडतात. शिवाय नक्कल थोड्या विलंबाने होत असल्याने शेवटच्या काही मिनिटांतील काम हरवू शकते. सर्वांत स्वस्त पर्यायात सर्व प्रती एकाच ठिकाणी असतात. दरपत्रकातील ही एक ओळ न वाचता सही करणारे अनेक आहेत.

जोडणीचा प्रश्नही याच शहराने दाखवून दिला. समुद्राखालून येणाऱ्या केबलींसाठी मुंबईनंतर चेन्नई हे देशाचे महत्त्वाचे द्वार आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईजवळ धडकले, तेव्हा केबलीचे नुकसान झाल्याने इंटरनेटचा वेग मंदावल्याचे ग्राहकांना कळविण्यात आले. अशा दिवशी फाइल्स सुरक्षित असतात, पण हाती येत नाहीत. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचौंग' चक्रीवादळाच्या पावसाने अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत पाणी शिरले व अनेक लहान कारखान्यांची यंत्रे भिजली. म्हणजे एका वादळात जोडणीला धक्का बसला आणि दुसऱ्यात यंत्रांना. नियोजन दोहोंचे करावे लागते.

नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे

सेवा देणारे 'अकरा नऊ' टिकाऊपणाचा, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्क्यांचा दावा करतात. डिस्क बिघडल्याने फाइल नष्ट होण्याची शक्यता नगण्य आहे एवढाच त्याचा अर्थ. कर्मचाऱ्याने चुकून फोल्डर पुसले किंवा खंडणीखोर प्रोग्रामने सर्व फाइल्सना कुलूप घातले, तर तो बदल प्रत्येक नकलेत इमानदारीने उतरतो. त्यासाठी ठराविक वेळी घेतलेले स्नॅपशॉट आणि वेगळ्या खात्यातील, सहज पुसता न येणारी प्रत लागते.

दोन अलीकडील घटना येथे विचारात घेण्यासारख्या आहेत. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खाते रचनेतील चुकीमुळे पुसले गेले. दोन भौगोलिक ठिकाणी असलेल्या प्रतीही त्याबरोबर गेल्या. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे निधीचा कारभार पुन्हा उभा राहिला.

दुसरी घटना अधिक गंभीर. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला लागलेल्या आगीत 'जी-ड्राइव्ह' नष्ट झाला. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइल्स ठेवाव्यात म्हणून उभारलेला हा सामायिक साठा होता. त्यात सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती आणि आकार फार मोठा म्हणून तिचा बाहेर बॅकअपच नव्हता. माहिती-तंत्रज्ञानात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशात हे घडले, हे विशेष.

टिकाऊपणा आणि उपलब्धता यांतही फरक करावा. ९९.९ टक्के उपलब्धतेचे आश्वासन म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करारभंग नव्हे. त्याहून अधिक बंद राहिल्यास पुढील बिलात सूट मिळते. बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळत नाही.

कायद्याची बाजू

हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांना कंपनी (लेखे) नियम, २०१४ लागू होतात. त्यानुसार बॅकअप प्रत्यक्ष भारतातील सर्व्हरवर असणे आवश्यक असून ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दररोज घ्यावा लागतो. वह्या क्लाउडवर असल्यास सेवा देणाऱ्याचा पत्ता दरवर्षी कंपनी निबंधकांना कळवावा लागतो. म्हणून विभाग निवडताना 'सिंगापूर थोडे स्वस्त आहे' हा युक्तिवाद बाजूला ठेवावा. 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत द्यावी लागते व यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. क्लाउडवर गेल्याने ही जबाबदारी मालकाच्या डोक्यावरून उतरत नाही.

मग निवड कशी करावी?

एकाच शहरात कार्यालय असलेल्या उद्योगासाठी आमच्या मते मिश्र रचना सर्वांत शहाणपणाची. रोजच्या फाइल्स कार्यालयातील सर्व्हरवर, तोही पहिल्या किंवा वरच्या मजल्यावर ठेवाव्यात. त्यांची सततची प्रत क्लाउडवरील सामायिक साठ्यात जावी. आणि रात्रीचा बॅकअप दुसऱ्या शहरातील ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, वेगळ्या खात्यात असावा. पूर आला तर कर्मचारी दुसऱ्या गावातून क्लाउडवरील प्रत उघडू शकतात. केबल तुटली तर कार्यालयातील काम थांबत नाही. दोन शाखांतून एकाच फाइलवर काम होत असेल, तर मात्र ही रचना जपून वापरावी. अ‍ॅझ्युअर फाइल सिंकसारख्या सेवेत एका शाखेने उघडलेल्या फाइलला दुसऱ्या शाखेत कुलूप लागत नाही व परस्परविरोधी प्रती तयार होतात.

खर्चाचा अंदाज केवळ साठ्याच्या भाड्यावरून करू नये. माहिती बाहेर काढण्याचे शुल्क, प्रत्येक वाचन-लेखनाचा आकार, स्नॅपशॉटची जागा, व्हीपीएन आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर हे सर्व धरावे. साठा आत नेणे बहुधा विनाशुल्क असते, बाहेर आणणे नव्हे. कंपनी बदलावयाची झाल्यास किती बिल येईल, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

परत मिळण्याचा वेळही आधीच मोजावा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून, ती पूर्ण वेगाने चालली असे धरूनही, एक टेराबाइट उतरविण्यास २२ तास लागतात. चार टेराबाइटला साडेतीन दिवसांहून अधिक. चाचणी घ्यावयाची ती याच गोष्टीची. विक्रेत्याने दिलेली नमुना फाइल नको. आपल्याच कार्यालयातील सर्वांत गुंतागुंतीचे फोल्डर घ्यावे, कामाच्या वेळी घ्यावे आणि घड्याळ लावून ते नव्या संगणकावर पूर्ण उतरवून, उघडून पाहावे. चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, त्यामुळे तेथील कार्यालयांसाठी या चाचणीचा महिना सप्टेंबर; कोकणात मात्र ती मे महिन्यातच उरकावी लागेल.