घरातले वाय-फाय बंद पडले तर

शिवसागर तुडुंब भरला आहे, पण घरातला नळ कोरडा आहे. असे होऊ शकते ना? मग आपण काय करतो? आधी नळ पाहतो. मग पाइप पाहतो. मग टाकी पाहतो.

इंटरनेटचेही तसेच आहे. बाहेरून तार येते. ती घरातल्या एका पेटीत जाते. या पेटीला राउटर म्हणतात. पेटीपासून मोबाइलपर्यंत तार नसते. तिथे बिनतारी लहरी काम करतात. यालाच वाय-फाय म्हणतात.

आता आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा. मोबाइलवर वाय-फायची खूण दिसली म्हणजे इंटरनेट आले, असे नव्हे. मोबाइल पेटीपर्यंत पोचला, एवढेच त्यातून कळते.

कोयनानगरला पावसाळा मोठा. वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस. झाडे पडतात, वीज जाते, तारा तुटतात. खरीप पीकविम्याची मुदतही बहुधा जुलैअखेर संपते. अर्ज राहिला तर नुकसान आपलेच. अशा वेळी गडबडू नका. क्रमाने पाहा.

पेटीवर एकही दिवा नाही? मग वीज गेली आहे, नाहीतर प्लग ढिला आहे.

एका मोबाइलवर चालत नाही, दुसऱ्यावर चालते? मग दोष त्या मोबाइलचा.

कुणाच्याच मोबाइलवर चालत नाही? पेटीचे बटण बंद करा. अर्धा मिनिट थांबा. चालू करा. पाच मिनिटे दम धरा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला? म्हणजे बाहेरून येणारा उजेड अडला. पुष्कळ घरांतली तार आतून काचेची असते, केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड धावतो आणि निरोप आणतो. तार फार वाकली, उंदराने कुरतडली, तर उजेड थांबतो. वाकलेली तार हलक्या हाताने सैल करा. तुटली असेल तर स्वतः जोडू नका. तिच्या टोकाला डोळा लावू नका. डोळ्याला इजा होते.

सगळे दिवे नीट, तरी काही उघडत नाही? महिन्याचे पैसे भरलेत का, ते पाहा.

पेटीच्या मागे एक बारीक भोक असते. त्यात काडी घालू नका. पेटीत भरलेली सारी माहिती पुसली जाते.

एवढे करूनही जमले नाही, तर तक्रार करा. बिलावर नंबर असतो. नुसते “नेट बंद आहे” म्हणू नका. कोणता दिवा लाल आहे, कधीपासून, ते सांगा. म्हणजे येणारा माणूस योग्य सामान घेऊन येईल. तुमची खेप वाचेल, दिवसही वाचेल.