पारव्यांचा उपद्रव आणि इमारतींची निगा

धार आणि देवास ही माळव्यातील दोन नगरे मराठी माणसाला पवार घराण्यामुळे परिचित आहेत. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासला एकाच घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदली. राजवाडे, छत्र्या, मंदिरे आणि जुने वाडे हा त्या काळाचा वारसा आहे. अशा वास्तूंचे कोनाडे, झरोके आणि तुळया ही पारव्यांची आवडती वस्तीस्थाने होत. इंग्लंडसारख्या समुद्रवेष्टित देशात कुरव पक्षी छपरांवर घरटी बांधून लोकांना हैराण करतात. सागरापासून दूर असलेल्या माळव्यात तो मान पारव्याचा आहे.

पारवा इमारतीत का येतो?

पारव्याचे रानटी पूर्वज कड्यांच्या कपारींत व गुहांत घरटी करीत. उंच भिंत आणि अंधारा कोनाडा त्याला कड्यासारखाच वाटतो. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. सुमारे १८ दिवसांत पिले बाहेर पडतात व महिन्याभरात उडू लागतात. अन्न मुबलक असल्यास हे चक्र वर्षातून पाच-सहा वेळाही फिरते.

अन्नाची वाण तर मंडीच्या गावात नसतेच. एक पारवा दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणे खातो. म्हणजे १०० पारव्यांना रोज ३ किलो आणि वर्षाला १० क्विंटलांहून अधिक धान्य लागते. उघड्यावर पडलेली गव्हाची रास, फाटकी पोती आणि चौकात श्रद्धेने टाकलेली ज्वारी यांवरच हा संसार चालतो.

हानी कोणती?

पारव्याची विष्ठा आम्लधर्मी असते. चुन्याचा गिलावा, संगमरवर आणि पत्रा यांना ती हळूहळू खाते. मांडूच्या होशंगशहाच्या कबरीसारख्या संगमरवरी वास्तूंच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे, कारण झिजलेला दगड पुन्हा भरून येत नाही. घरट्यांच्या काटक्यांनी पन्हाळी तुंबतात, पाणी भिंतीत मुरते आणि लाकूड कुजते.

आरोग्याची हानी याहून गंभीर आहे. वाळलेल्या विष्ठेत रोगकारक बुरशी वाढू शकते. विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिली, तर काही व्यक्तींच्या फुफ्फुसांना सूज येऊन ती कायमची निकामी होऊ शकतात. दमेकरी, वृद्ध आणि रोज झाडू मारणारा सफाई कामगार यांना हा धोका अधिक असतो.

मारून संख्या घटत नाही

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख पारवे मारण्यात वा पकडण्यात आले, तरी संख्या २० हजारांच्या आसपासच राहिली. कारण उरलेल्यांना अन्न अधिक मिळे व रिकाम्या जागा नवी पिले भरून काढीत. १९८८ पासून नागरिकांना दाणे न टाकण्याविषयी समजावण्यात आले आणि देखरेखीखालील खुराड्यांतून अंडी काढून घेण्यात आली. सुमारे चार वर्षांत पारव्यांची संख्या निम्म्यावर आली. विषप्रयोग तर सर्वथा त्याज्य होय. त्याने घारी, मांजरे व कुत्रीही बळी पडतात आणि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचाही भंग होतो.

उपाय

१. सांडलेले धान्य दररोज संध्याकाळी गोळा करावे. राशींवर ताडपत्री घालावी व गोदामाच्या खिडक्यांना जाळी लावावी.

२. झरोके व माळ्याची भोके सुमारे ५ सेंटिमीटर छिद्रांच्या जाळीने बंद करावीत. तत्पूर्वी आत अंडी वा पिले नाहीत याची खात्री करून घ्यावी.

३. सज्ज्याच्या सपाट कडेवर तिरपी फळी बसवावी. चांगला उतार असला की पारव्याला तेथे बसता येत नाही.

४. सुकी विष्ठा कधीही झाडू नये. प्रथम पाणी शिंपडून ती भिजवावी. नाकातोंडावर मुखपट्टी व हातांत मोजे घालूनच खरवडावी. कामगारांना ही साधने पुरविणे हे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य आहे.

५. संरक्षित स्मारकांवर खिळा ठोकण्यापूर्वीही पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी. त्यांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे.

श्रद्धेचा प्रश्न

मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्याचे पाऊल उचलले गेले, तेव्हा मोठा वाद झाला व प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मुक्या पाखराला दाणा घालणाऱ्याची भूतदया खरी असते. तिची थट्टा करून काहीही साध्य होणार नाही. मात्र आपण घातलेला दाणा शेजारच्या दमेकऱ्याच्या श्वासावर उठत असेल, तर त्या दानाची वाट बदलणे हाच धर्म होय. तेच धान्य एखाद्या गरजू घरी दिल्यास पुण्य उणे होणार नाही. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी आणि शाळेच्या छतावरील पारव्यांची दरमहा मोजणी करवावी. दाणे बंद झाल्यावर संख्या कशी उतरते, हे मुले स्वतःच पाहतील. त्यांनी घरी जाऊन सांगितलेले शब्द कोणत्याही फलकापेक्षा अधिक परिणामकारक ठरतील.