अनुदान वाढले, उत्पन्नाची अट मात्र जुनीच
दिव्यांगांच्या अर्थसाहाय्याचा वाढता खर्च आणि अपुऱ्या सुधारणा

वाशीम : राज्यातील निराधार दिव्यांगांना दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही वाढ लागू झाली. एकाच वेळी एक हजार रुपयांची वाढ ही या योजनेच्या इतिहासातील लक्षणीय वाढ आहे, यात शंका नाही. मात्र रक्कम वाढली म्हणजे सुधारणा पूर्ण झाली, असे मानता येणार नाही. हे अनुदान कोणाला मिळणार, कोणत्या कागदांवर मिळणार आणि महागाई वाढल्यावर त्याचे मोल किती उरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे अद्याप मिळालेली नाहीत. वाशीमसारख्या शेतीवर आणि मजुरीवर अवलंबून असलेल्या जिल्ह्यात तर हे प्रश्न अधिकच टोकदार होतात.

योजना चार दशकांची

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने ग्रस्त अशा पासष्ट वर्षांखालील निराधार व्यक्तींना दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. पासष्ट वर्षे पूर्ण झालेले वृद्ध श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत मोडतात. दिव्यांगासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र, राज्यातील पंधरा वर्षांचा रहिवास आणि ५० हजार रुपयांपर्यंतचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न या मुख्य अटी आहेत. इतर प्रवर्गांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे.

याला समांतर अशी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना २००९ पासून आहे. तिचे निकष अधिक कडक आहेत. अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक हवे आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील हवे. या लाभार्थ्यांसाठी केंद्र दरमहा ३०० रुपये देते, उरलेली रक्कम राज्याच्या तिजोरीतून जाते.

खर्च का वाढतो?

खर्च वाढण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण रकमेचे. २०१९ पर्यंत दरमहा ६०० रुपये असलेले अनुदान त्या वर्षी एक हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार झाले आणि दिव्यांगांपुरते २०२५ मध्ये अडीच हजार झाले. सहा वर्षांत ते चौपटीहून अधिक वाढले. दोन्ही योजनांतील दिव्यांग लाभार्थी सुमारे पावणेपाच लाख आहेत. प्रत्येकाला दरमहा एक हजार जादा द्यायचे म्हटले की वर्षाला ५७० कोटी रुपये लागतात. मंत्रिमंडळाने मंजूर केलेली अतिरिक्त तरतूदही तेवढीच आहे.

दुसरे कारण कायद्याचे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ते एकवीस झाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, आम्लहल्ल्याचे बळी अशांचा समावेश त्यामुळे झाला. जे पूर्वी मोजलेच जात नव्हते, ते आता मोजले जाऊ लागले. याला उधळपट्टी म्हणणे योग्य ठरणार नाही. ही उशिरा झालेली दखल आहे. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे जुन्या व्याख्येच्या काळात, राज्यात दिव्यांगांची नोंद २९ लाख ६३ हजार होती. त्या तुलनेत पावणेपाच लाख लाभार्थी म्हणजे साधारण सहातील एक.

१६१ दिवसांचे गणित

आता उत्पन्नाच्या अटीकडे पाहू. ५० हजार रुपये वार्षिक म्हणजे संपूर्ण कुटुंबाला महिन्याला ४ हजार १६६ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे कुटुंबातील एकाच व्यक्तीला वर्षात १६१ दिवस या दराने काम मिळाले, तर ते कुटुंब मर्यादेबाहेर जाते. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील एखाद्या शेतमजूर दाम्पत्याची कल्पना करा. सोयाबीनच्या सोंगणीपासून तुरीच्या काढणीपर्यंत दोघांनी वर्षात मिळून १६१ दिवस मजुरी केली, की त्यांचा अंथरुणाला खिळलेला मुलगा कागदोपत्री ‘निराधार’ राहत नाही. प्रत्यक्षात त्याच्याजवळ बसण्यासाठी एकाने घरी थांबावे लागते आणि घरात येणारी मजुरी निम्मी होते. हा भार उत्पन्नाच्या दाखल्यात कुठेच दिसत नाही.

याची तुलना राज्याच्याच दुसऱ्या योजनेशी केली असता विसंगती स्पष्ट होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६ हजार कोटींची तरतूद करण्यात आली. महिलांच्या हाती पैसा जावा, याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु साठ हजार रुपये उत्पन्नाच्या एकाच घरात बहीण दीड हजारांना पात्र ठरते आणि तिचा दिव्यांग भाऊ एका रुपयालाही पात्र ठरत नाही, ही स्थिती कोणत्या न्यायात बसते? तिजोरीवरील ताणाचे कारण दिव्यांगांच्या बाबतीत पुढे करताना या दोन आकड्यांतील अंतर, एकीकडे ५७० कोटींची वाढ आणि दुसरीकडे ३६ हजार कोटी, विसरून चालणार नाही.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या कायद्याचे कलम २४ या संदर्भात महत्त्वाचे आहे. शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत दिव्यांगांसाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना आखाव्यात आणि इतरांना लागू असलेल्या तत्सम योजनांपेक्षा दिव्यांगांना मिळणारे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असावे, असे हे कलम सांगते. २०२३ मध्ये सर्व निराधारांना सरसकट दीड हजार रुपये देण्यात आले तेव्हा दिव्यांगांचा हा जादा वाटा कुठेच नव्हता. २०२५ च्या निर्णयाने राज्यापुरती ही उणीव भरून निघाली.

केंद्राच्या योजनेत मात्र विधवा आणि दिव्यांग या दोघांसाठीही ३०० रुपये हीच रक्कम आहे. ही रक्कम २०१२ मध्ये ठरली आणि त्यानंतर तिला हात लागला नाही. २०१२ ला १०० धरून काढला जाणारा ग्राहक किंमत निर्देशांक २०२५ मध्ये १९० च्या पुढे होता. याचा सरळ अर्थ, त्या वेळच्या ३०० रुपयांत जेवढे मिळत होते त्याच्या निम्म्याच्या जवळपास आज मिळते.

शासकीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा ठरतो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेखालील अपंगत्व लाभ १९७५ पासून दरवर्षी महागाईनुसार आपोआप वाढतो. आपल्याकडे दिव्यांगांना वाढीसाठी घोषणेची वाट पाहावी लागते आणि घोषणेसाठी आंदोलनाची. माजी आमदार बच्चू कडू यांनी जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे केलेल्या उपोषणात शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना सहा हजार रुपये मानधन ही मागणी होती. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये दिव्यांगांचे निवृत्तीवेतन तीन हजारांवरून सहा हजार रुपये केले होते.

पडताळणी हवी, पण कोणाची?

आंध्र प्रदेशाचे उदाहरण दुसऱ्या कारणानेही अभ्यासण्यासारखे आहे. रक्कम दुप्पट झाल्यानंतर तेथे प्रमाणपत्रांची फेरतपासणी हाती घेण्यात आली. २०२५ मध्ये अनेकांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या, ओरड झाली आणि शासनाला अपिलाची संधी द्यावी लागली. ब्रिटनमध्येही खर्च आवरण्यासाठी अपंगत्व भत्त्याचे निकष कडक करण्याचा प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांच्या विरोधामुळे विधेयकातून वगळावा लागला. खर्च वाढला की प्रथम दरवाजा अरुंद करण्याकडे सरकारांचा कल असतो, हे यातून दिसते.

बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न खोटा नाही. वाशीमकरांना तो वेगळा सांगण्याची गरजही नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्याहून वाशीमला बदली झालेल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांच्या अपंगत्वाच्या दाव्यावरून देशभर वाद झाला. लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे आदेश दिले. दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोकरी, बदली, पदोन्नती यांसाठी प्रमाणपत्र वापरणाऱ्यांची कसून तपासणी व्हावी, हे रास्तच आहे. पण तोच संशय महिना अडीच हजारांच्या लाभार्थ्यावर घेताना त्याचा हेलपाटा किती महाग पडतो, याचा विचार झाला पाहिजे.

१ जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केवळ ऑनलाइन प्रणालीतूनच दिले जाते. अर्ज ऑनलाइन झाला, तरी तपासणी ऑनलाइन होत नाही. कारंजा ते वाशीम हे अंतर साठ किलोमीटरहून अधिक आहे. चालता न येणाऱ्या माणसाला जिल्हा सामान्य रुग्णालयात आणायचे तर सोबत एक जण, भाड्याची गाडी आणि दोघांची बुडालेली मजुरी असा खर्च येतो. संबंधित तज्ज्ञ त्या दिवशी नसले, तर दुसरी खेप. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ज्ञांची उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा आहे. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी तपासणी शिबिरे घेतल्यास ही अपेक्षा गावापर्यंत पोहोचेल.

लाभार्थ्यांनी लक्षात ठेवावे

अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो आणि तालुका समितीपुढे ठेवला जातो. तहसीलदार या समितीचे सदस्य सचिव असतात. डिसेंबर २०२४ पासून रक्कम थेट लाभ हस्तांतरणाद्वारे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे खाते आधारशी जोडलेले नसल्यास मंजूर अनुदानही अडकते. दरवर्षी हयातीचा दाखला देणे आवश्यक आहे. ज्यांचे प्रमाणपत्र जुन्या पद्धतीचे आहे, त्यांनी वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. याशिवाय ग्रामपंचायत, नगर परिषद आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत या निधीचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

राज्यात १९८० साली ‘निराधार’ हा शब्द योजनेच्या नावात आला, तेव्हा तो दयेचा शब्द होता. २०१६ च्या कायद्याने त्याचे रूपांतर हक्कात केले. हक्काची रक्कम महागाईबरोबर वाढावी, तिच्या उत्पन्नाची मर्यादा निदान एका मजुराच्या वर्षभराच्या कमाईला सामावणारी असावी आणि तिचा कागद माणसाच्या घराजवळ मिळावा, या तीन गोष्टी झाल्या तर अडीच हजारांच्या वाढीला खऱ्या अर्थाने सुधारणा म्हणता येईल. अन्यथा पुढच्या घोषणेपर्यंत महागाई आपले काम करत राहील आणि ज्याला चालता येत नाही, त्यालाच सर्वाधिक चालावे लागेल.