डालग्यातली बेगमी

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. एरवी या गावाची ओळख एवढ्या गमतीपुरती. फेब्रुवारी २००६ मध्ये मात्र नवापूर देशभरच्या बातम्यांत आले. इथल्या मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि १८ फेब्रुवारीला भारतात बर्ड फ्लू शिरल्याचे पहिल्यांदा जाहीर झाले. मग शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. तीन किलोमीटरच्या परिघात जे जे पंखाचे होते ते मारायचे ठरले, त्यात पाड्यांवरची खुराडीही आली. भरपाई पक्ष्यामागे मिळते. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीचे, तिच्याखालच्या पंधरा दिवस उबलेल्या अंड्यांचे खरे मोल त्यात भरून निघत नाही.

नवापूर-नंदुरबार आणि शेजारचा गुजरातचा आदिवासी पट्टा हे बुसरा कोंबडीचे घर. लहान चणीची, हलक्या अंगाची, सावध. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या देशी जातींमध्ये तिच्या नावापुढे गुजरात आणि महाराष्ट्र अशी दोन राज्ये आहेत. पण शहरातल्या वाचकाला कडकनाथ माहीत असतो, बुसरा नसते. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, काळ्या मांसाचा बोलबाला झाला, आणि पुढच्याच वर्षी सांगलीकडे कडकनाथच्या योजनांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. बुसराच्या वाट्याला हे कौतुक आले नाही, एका परीने तिचे नशीबच.

आता मांसाचा हिशेब. पुण्याच्या बी. व्ही. राव यांनी भारतातल्या कोंबडीपालनाचा कारखाना केला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आजचा ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचा होतो आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे पावणेदोन किलोच्या आत-बाहेर खाद्य खातो. गावरान कोंबडा सव्वा किलोवर यायला पाच-सहा महिने घेतो. कागदावर गावरान हरली. कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात हाच तक्ता दाखवतात.

मला तो तक्ताच अपुरा वाटतो. ब्रॉयलरचे खाद्य पोत्याने विकत येते. मक्याचा किंवा सोयापेंडीचा भाव चढला की सगळा हिशेब कोलमडतो. परसातली कोंबडी खळ्यावरचे दाणे, वाळवी, किडे, उष्टे-खरकटे यांवर वाढते. तिला सहा महिने लागतात, पण त्या सहा महिन्यांत घरातून पैसा जात नाही. ती विकली जाते ती वजन भरले म्हणून नव्हे. पोराची फी भरायची असते, जावई दारात उभा असतो, देवाला कोंबडा बोललेला असतो. आठवडी बाजारात पाय बांधून नेलेल्या कोंबडीचे पैसे बहुधा बाईच्याच कनवटीला जातात, आणि बैलाच्या किंवा कापसाच्या पैशाबद्दल तसे म्हणता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातल्या निघाल्या. २०१२ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्क्यांच्या आसपास, तर शेडमधल्या पक्ष्यांची पाच टक्क्यांच्याही आत. तक्त्यावर हरलेली कोंबडी गणतीत वाढतेच आहे.

सरकारने सुधारित जाती दिल्या: बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज. दिसायला रंगीत, वजनाला भरपूर, अंडी वर्षाला शंभराच्या घरात. गावठी कोंबडी पन्नास-साठवर थांबते. मात्र ही सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. अंडी उबवायला बसणे हा गुण अंडी वाढवताना बाजूला पडला. म्हणजे दर खेपेला पिले उबवणी केंद्रातून आणायची, आणि केंद्र पाड्यापासून लांब. जड अंगाची कोंबडी घारीपुढे पळायलाही मागे पडते.

गावठी कोंबडी खुडूक झाली की बाई पाटीत राख किंवा वाळू पसरते, वर पेंढा घालते आणि दहा-बारा अंडी मांडते. अंडी ताजी हवीत. उन्हाळ्यात आठवड्यापेक्षा जुने अंडे धड उबत नाही. सातव्या-आठव्या रात्री अंडे विजेरीपुढे धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. नुसता पिवळसर उजेड दिसला तर ते अंडे वांझ. एकविसाव्या दिवशी पिले फुटतात. बाराची दहा झाली तर बाई खूश असते. खरी गळती पुढच्या सहा-आठ आठवड्यांत होते. घार, कावळा, मुंगूस, मांजर, अवकाळी पाऊस. दिवसा पिले आईसकट डालग्याखाली झाकली आणि कणी आतच टाकली तर निम्मी गळती थांबते. त्यासाठी कुठली योजना लागत नाही, पण ज्या घरातले सगळेच सकाळी मजुरीला जातात त्या घरात डालगे उचलणार कोण?

त्याच कोंबडीखाली बदकाची अंडीही ठेवतात. ती अठ्ठावीस दिवस घेतात, मस्कोव्ही बदकाची पस्तीस. तेवढा काळ कोंबडीला धरून ठेवणे जिकिरीचे असते. बदके पाळण्याची रीत बंगाल, आसाम आणि केरळातल्या कुट्टनाडची. महाराष्ट्रात ती तळकोकणातल्या पाणथळ परसांत, विदर्भातल्या तलावाकाठी तुरळक दिसतात. मांसासाठी पांढरे पेकिन सात-आठ आठवड्यांत अडीच किलोच्या वर जाते. त्याला पोहायला तळे नसले तरी चालते. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढे खोल भांडे मात्र हवेच. कोंबडीच्या पिलांचे खाद्य जशास तसे घातले तर नायसिन कमी पडून बदकाची पिले पायांतून लुळी पडतात. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड तर त्यांना विषच, कोंबडीपेक्षा कितीतरी अधिक. आणि पिसे! कोवळ्या खुंट्या फुटत असताना कापलेले बदक सोलताना माणूस रडकुंडीला येतो.

कोंबड्या-बदके एकाच खुराड्यात कोंडू नयेत, हे मी ठासून सांगेन. बदक सगळीकडे पाणी सांडते, ओल्या तुसात कोंबडीच्या पिलांना रक्ती हगवण लागते. शिवाय बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात काही लक्षण न दाखवता राहू शकतो. अर्थात दर वेळी बदक वाचतेच असे नाही. २०१४ मध्ये कुट्टनाडात बदकेच त्या रोगाने पटापटा मेली.

बर्ड फ्लूच्या बातम्या होतात. परसातली कोंबडी मात्र बहुतेक वेळा मानमोडीने मरते. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला नोंदला गेला, त्याच सुमारास आपल्याकडे कुमाऊँतल्या राणीखेतला. हिरवी हगवण, धाप, मग मान पिळवटते. एकदा पाड्यात शिरला की चार दिवसांत खुराडी ओस. लस जुनी आहे, स्वस्त आहे. पिलाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याला आर-टू-बीची सुई, पुढे ठरावीक काळाने पुन्हा.

मग तरीही कोंबड्या का मरतात? कारण कुपी शेडच्या मापाने भरलेली असते, शंभर-दोनशे पक्ष्यांची. बाईच्या घरी नऊ पक्षी. कुपी फोडून पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते, आणि तालुक्याच्या दवाखान्यातून पाड्यापर्यंत बर्फ टिकत नाही. ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारी आय-टू लस तयार केली ती अशाच खेड्यांसाठी. आफ्रिकेत ती डोळ्यात थेंब टाकून खेडोपाडी वापरली गेली. आपल्याकडे भर राहिला तो नव्या जातींवर.

शंभराची कुपी एका घराला जड असली तरी दहा-बारा घरांना नाही. पाड्यातल्या एकीला थेंब टाकायला शिकवायचे. वेळ संध्याकाळची, कोंबड्या खुराड्यात शिरल्यानंतरची, कारण दिवसा हाताला लागेल ती गावरान कसली. पक्ष्यामागे थोडे पैसे तिला द्यायचे. बर्फाचा डबा लसीकरणाला येणाऱ्या नर्सबाईकडे असतो तसलाच. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक फेरी आणि गणपतीनंतर एक फेरी झाली, तर त्या पाड्याला वनराजची पिले वाटण्यापेक्षा अधिक मांस मिळेल, असे माझे मत आहे. फक्त फेरी सगळ्या घरांची एकाच संध्याकाळी व्हायला हवी. दोन घरे राहिली तर रोग तिथूनच परत येतो.