पेशींसाठी मांडव

कोल्हापुरातला कसबा बावडा म्हटलं की राजाराम साखर कारखाना आठवतो. याच बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि रिजनरेटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. झिजलेलं, जळलेलं शरीर पुन्हा कसं भरून आणायचं, हा या शास्त्राचा ध्यास.

गुडघा खरचटला की रक्त गोठतं. त्या गुठळीत फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं असतं आणि पेशी त्या धाग्यांना धरूनच जखमेत शिरतात. पण खोल भाजलं तर त्वचेच्या आतल्या थरातली कोलॅजनची वीणच जळून जाते. ती पुन्हा तशी विणली जात नाही. मागे राहतो तो आकसलेला, ताठर व्रण. कोपरावर असला तर हातही सरळ होत नाही.

1981 मध्ये बोस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यानास यांनी यावर एक पट्टी पुढे आणली. गाईचं कोलॅजन, त्यात शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ. गोठवून सुकवलेला सच्छिद्र पांढरा थर आणि वर सिलिकॉनचा पापुद्रा. हा स्कॅफोल्ड म्हणजे वेलीसाठी घातलेला मांडवच. छिद्रांतून पेशी आणि रक्तवाहिन्या चढत जातात, स्वतःचं कोलॅजन विणतात आणि मांडव विरघळून जातो. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन सोलून वर रुग्णाच्याच त्वचेचा पातळ थर लावतात. विरघळण्याचा वेग मात्र नेमका साधावा लागतो. आधार लवकर गेला तर नवी ऊती ढासळते, रेंगाळला तर तिच्याच वाटेत येतो.

याहून थक्क करणारी गोष्ट 2006 मध्ये समोर आली. एकाच प्रकारच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, मेंदूइतक्या मऊ पृष्ठावर ठेवल्या तर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागतात, स्नायूइतक्या ताठ पृष्ठावर स्नायूंसारख्या आणि त्याहून कडक पृष्ठावर हाडाच्या पेशींसारख्या. आपण कुठे आहोत हे पेशी चक्क चाचपून ओळखते!

पेशींसाठी असा मांडव भारतातही तयार झाला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी काढून उरलेल्या जाळ्यापासून जखमेवरची पट्टी बनवली. 2023 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

त्वचेचं जमलं. हृदय, यकृत अजून जमलेलं नाही, कारण रक्तवाहिनीपासून साधारण 0.2 मिलिमीटरच्या पलीकडे पेशी तग धरत नाही. जाड अवयवात रक्त खेळवायचं कसं, हा प्रश्न अनुत्तरितच आहे. बावड्यातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी तो हाती घ्यावा.