चहाची कुळकथा (भाग ९) : युन्नानचा काळा चहा

शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही टपरीवरची चहा पावडर चिमूटभर तळहातावर घ्या. बारीक, टणक, गोल दाणे. हा सीटीसी चहा. दातेरी रुळांत पान चिरडून, फाडून त्याची गोळी वळायची ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. युन्नानचा दियानहाँग हातात घेतला तर लांब पिळलेली काळसर पानं आणि त्यांत सोनेरी लव असलेले कोंब दिसतात. झाडाचा वाण मात्र दोन्हीकडे एकच, मोठ्या पानाचा आसामिका.

दियानहाँगचा जन्म युद्धातला. सप्टेंबर १९३८ मध्ये आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. जपानच्या ज्या आक्रमणामुळे ते गेले, त्यानेच पूर्व चीनचे चहामळे आणि बंदरं धोक्यात आणली होती. परदेशी चलन तर हवं होतं. मग त्याच वर्षी फंग शाओच्यू हे चहातज्ज्ञ पार नैर्ऋत्येला, युन्नानमधल्या शुनिंगला गेले. या गावाला आज फंगछिंग म्हणतात. तिथल्या मोठ्या पानांपासून त्यांनी काळा चहा करून पाहिला आणि १९३९ मध्ये पहिला माल हाँगकाँगमार्गे लंडनला रवाना झाला. कोटणीसांच्या गावात ही हकीकत माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

फंगछिंगजवळ चहाचा एक प्रचंड वृक्ष आहे. त्याचं वय ३,२०० वर्षं सांगतात. मला तो आकडा पटत नाही. जुन्या झाडाचा गाभा कुजतो, मग वलयं मोजायची कुठली? त्यापेक्षा जिंगमाय डोंगरावरची जुनी चहावनं पाहावीत. ब्लांग आणि दाई लोकांनी रानाच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही झाडं २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

अशा झाडांचं पान बहुतेक पुअर चहासाठी जातं; त्याचा काळा चहा करण्याची चाल अलीकडची. तो जिभेवर मऊ लागतो, तुरटपणा कमी, आणि गोडवा घोट गिळल्यावरही घशात रेंगाळतो. हे श्रेय एकट्या वयाचं नाही. सावली, खोल गेलेली मुळं आणि बेताची तोडणी यांचाही त्यात वाटा आहे. म्हणून पुड्यावर छापलेल्या वयाला भुलून पैसे मोजू नयेत.

बाकीची चव कारखान्यात घडते. तोडलेलं पान सुकत ठेवून मऊ करतात, मग वळतात. वळताना पेशी फुटतात, आतला रस हवेला लागतो आणि पान तांबूस होत जातं. सीटीसीत पान पार चिरडल्यामुळे हे झपाट्याने होतं. रंग आणि कडकपणा भरपूर उतरतो, दुधासाखरेतही टिकतो. दियानहाँगचं पान बरंचसं अखंड राहतं, बदल सावकाश होतो, आणि मधाचा, भाजलेल्या रताळ्याचा वास शिल्लक राहतो.

तो उकळू नका. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग कपाला चमचाभर पानांवर ओता, दोन-तीन मिनिटांनी गाळा. दूध नको. तीच पानं आणखी दोन-तीनदा चालतात.

पुढच्या भागात : धुरावर वाळवलेला लापसांग.