नाते ते अंदमान, कमी पैशात: बेटावर खरा खर्च कशाचा होतो?

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा घाटात रेंज गेली म्हणून अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच लिहिलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'काय होतं ना' थोडे कमी केलेत.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. नाते गावातला एक श्रोता म्हणतो, "दादा, आम्ही तिघं मित्र महाड एमआयडीसीत शिफ्ट करतो. बोनस धरून माणशी पंचवीस हजार जमतील. त्यात अंदमान होईल का? घरचे म्हणतात, एवढ्यात दोनदा गोवा होतो."

होईल. पण गोव्याचा हिशोब अंदमानला चालत नाही. आणि हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाहीये, स्वतः फटका खाऊन सांगतोय.

माझ्या पहिल्या ट्रिपला मी सगळं स्वस्तात बसवलं होतं. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, विमानाचं तिकीट महिने आधी काढलेलं. शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला यायचं आणि दुपारचं विमान पकडायचं, असा प्लॅन. सकाळी जेट्टीवर गेलो तर वारा सुटलेला, समुद्र खवळलेला, बोट रद्द. चूक कोणाचीच नव्हती. पण विमान गेलं. ऐनवेळी काढलेलं नवीन तिकीट माझ्या बाकीच्या पूर्ण ट्रिपपेक्षा महाग पडलं. चुलत भावाला रात्री फोन करून पैसे मागितले. ते फेडायला चार महिने लागले.

तेव्हा कळलं, बेटावर सगळ्यात महाग वस्तू खोली नाही, मासा नाही. सगळ्यात महाग असतो न ठेवलेला राखीव दिवस.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्यात होतं तेव्हा आपणही बेटावरच होतो की! दूध, औषध, मोबाईलचं चार्जिंग, सगळं अडलं. अंदमानात समुद्र रोजच चारी बाजूंनी आहे. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

जायचं कसं?

विमान मुंबईहून, बऱ्याचदा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला बदलून. जिथे उतरायचं त्या पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजय पुरम आहे. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

दुसरा रस्ता जहाजाचा. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं जातात. साधारण तीन दिवस लागतात. सगळ्यात स्वस्त वर्ग बंक, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये एकावर एक झोपायच्या फळ्या. आपल्याकडून वीर स्टेशनला पॅसेंजर पकडून दिवा, तिथून लोकलने कल्याण, आणि कल्याणहून चेन्नईची गाडी. सावरकरांनाही १९११ साली मद्रासहूनच 'महाराजा' नावाच्या बोटीने नेलं होतं. ४ जुलैला ते अंदमानात पोचले. सेल्युलर जेल बघायला जाणाऱ्याने तो समुद्र एकदा डेकवरून बघावा, असं मला वाटतं.

पण थांबा. जहाज स्वस्त म्हणून लगेच उडी मारू नका. समजा तुमची हजेरी दिवसाला ७०० रुपये आहे. जहाज आणि रेल्वेने जाता-येता सहा दिवस जास्त गेले आणि ते बिनपगारी असले, तर ४,२०० रुपये तिथेच गेले. विमान आधी बुक केलं तर फरक कदाचित तेवढाच असेल. म्हणून ज्याला सुट्टी भरपूर त्याला जहाज स्वस्त, ज्याची सुट्टी मोजकी त्याला विमान स्वस्त.

मधला मार्ग: जाताना जहाज, येताना विमान. उलटं नको. कारण जहाजांना ठरलेला वार नसतो आणि तारीख पुढे सरकू शकते. जाताना सरकली तर तिकडचे दोन दिवस कमी होतील. येताना सरकली तर सुट्टी संपेल आणि सुपरवायझरचा फोन येईल.

कधी जायचं?

मॉन्सून आपल्याकडे जूनमध्ये येतो, अंदमानात मे महिन्यातच. पावसाळ्यात खोल्या स्वस्त होतात, पण बोटी जास्त वेळा रद्द होतात. म्हणजे खोलीत वाचवलेले पैसे अडकून पडण्यात जातात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तिकडे परतीचा पाऊस आणि वादळं असतात. त्यामुळे दिवाळीचा बोनस हातात आला तरी जानेवारी ते मार्च धरा. नाताळ-नवीन वर्षाचा आठवडा मात्र टाळा, सगळंच महागतं.

फिरायचं कसं?

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीप (जुनं हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (जुनं नील) इथे खासगी क्रूझ जातात आणि सरकारी फेरीही जाते. सरकारी फेरीचं भाडं खासगीच्या तुलनेत खूपच कमी. वेळ थोडा जास्त लागतो. पण एक लक्षात घ्या, ती फेरी म्हणजे तिथल्या लोकांची लाल परी आहे. पेशंट, कॉलेजची मुलं, भाजीची पोती, सगळं तिच्यातूनच जातं. जागा आधी संपतात. म्हणून पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिलं काम फिनिक्स बे जेट्टीवर जाऊन तिकिटांची चौकशी. हॉटेलात आंघोळ नंतर.

बेटांवर लोकल बस असते. तिघं असाल तर दोन स्कूटर भाड्याने घेऊन राधानगर बीच आरामात होतो. लायसन्स आणि हेल्मेट हवंच.

आता एक गंमत. घड्याळ तिकडेही आपलंच, पण महाडपेक्षा अंदमान सुमारे १९ रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे तिकडे सूर्य सव्वा तास आधी! हिवाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधार. दहाला उठलात तर पैसे दिलेल्या दिवसाचा अर्धा भाग झोपेत गेला. पहाटे पाचला उठा, शिफ्टवाल्यांना सवय आहेच.

खायचं काय?

साधा नियम: जे बेटावर मिळतं ते स्वस्त, जे जहाजातून येतं ते महाग. मासे, नारळ, केळी, भात झकास. हॅवलॉकवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे, त्यामुळे बंगाली फिश थाळी साध्या खानावळीत मिळते. पनीर आणि पिझ्झा घरी आल्यावर. पाणीही जपून वापरा. पोर्ट ब्लेअरचं पिण्याचं पाणी मुख्यतः धनीखारी धरणाच्या पावसाच्या साठ्यावर आहे, उन्हाळ्यात टंचाई होते.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, त्यामुळे नेट आता पूर्वीपेक्षा बरंच बरं. तरी छोट्या बेटांवर यूपीआयच्या भरवशावर राहू नका. रोख ठेवा, तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. प्रवाळ उचलून आणायचं नाही, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि बाराटांगच्या रस्त्यावर जारवा लोकांच्या राखीव क्षेत्रातून गाड्यांचा ताफा जातो, तिथे थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं, सगळं बंद. ती माणसं आहेत, रील नाही.

मग पंचवीस हजारांचं काय?

आधी पाच हजार बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. उरलेल्या वीस हजारांत ट्रिप बसवा. परतीच्या विमानाच्या आदला पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच ठेवा. बोट रद्द झाली तर तो दिवस वाचवेल. नाही झाली तर सेल्युलर जेल निवांत बघा. सातपैकी तीनच विंग आज उभ्या आहेत, वरच्या मजल्यावर सावरकरांची कोठडी आहे. तिथे घाईत जायचं नसतं. वीस हजारांत बसत नसेल तर एक बेट कमी करा, राखीव दिवस कमी करू नका.

आणि रंगीत तालीम करायची असेल तर एका रविवारी माणगाव, म्हसळा करत दिघीला जा आणि तिथून होडीने जंजिरा बघून या. वारा फिरला की होडीवाला "थांबा" म्हणतो आणि सगळे गप्प थांबतात. जो तिथे चिडचिड न करता थांबू शकतो, तो अंदमानला जायला तयार आहे.

नात्याच्या मित्रांनो, आल्यावर व्हॉइस मेसेज पाठवा. पाच हजार परत आले का, तेवढं सांगा. भेटू पुढच्या भागात!